नुसते पान पाहून चालत नाही : बटाट्याच्या विषाणूंची ओळख



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी मी बटाटा हा विषय निवडला आहे. घरी आपण बटाटा म्हणतो, मंडईत गेलो की आलू म्हणतो, पण भाजी तीच. उपासाच्या ताटात तो असतो, शाळेच्या डब्यात असतो, लग्नाच्या पंगतीतही असतो. तरी बटाट्याचे झाड कोणी कोणी पाहिले आहे, असे मी आठवीच्या वर्गात विचारले तेव्हा पाचच हात वर आले. त्यांतला एक हात ज्या मुलीचा होता, तिच्या वडिलांमुळेच हा लेख लिहिला जात आहे. त्यांच्या परवानगीने, पण नाव न घेता, ती हकिकत आधी सांगते. तिच्यात चूक माझी आहे.

हे पालक मुरारच्या बाजूला चार बिघे जमीन वाट्याने करतात. मागल्या डिसेंबरात ते ओल्या फडक्यात बटाट्याची काही पाने गुंडाळून शाळेत आले. पाने आकसलेली, सुरकुतलेली, फिकट आणि गडद हिरव्या चट्ट्यांची होती. म्हणाले, "बाई, तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवता म्हणून आणली. तिसरं वर्ष आहे, घरचंच बेणं लावतोय. पहिल्या वर्षी छान आलं, मागल्या वर्षी निम्मं, आणि यंदा हे असं. दुकानदाराने दोनदा औषध फवारायला लावलं, काही फरक नाही."

मी पाने उलटसुलट करून पाहिली आणि मोठ्या खात्रीने सांगितले, अन्नद्रव्याची कमतरता दिसते, मॅग्नेशियम द्या. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, पैसे खर्च केले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आले. शेजारच्या ओळींतही तशीच पाने दिसू लागली होती. मला फार वाईट वाटले. मग मात्र आम्ही पाने रीतसर तपासणीला पाठवली. उत्तर आले की पानांत एक नव्हे, दोन विषाणू आहेत. एक एक्स आणि दुसरा वाय.

माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात वनस्पतींच्या विषाणूंवर एकच लहानसा धडा होता आणि तो परीक्षेत क्वचितच यायचा. या प्रसंगानंतर मी पुन्हा अभ्यासाला बसले. जे समजले ते मुलांना समजेल अशा भाषेत येथे मांडते आहे. कुठे शब्द अडला तेथे रुळलेला इंग्रजी शब्द तसाच ठेवला आहे, तो सांभाळून घ्यावा.

बटाट्यालाच विषाणूंचा त्रास जास्त का?

गहू, हरभरा, मोहरी ही पिके आपण दाण्यापासून वाढवतो. बटाटा मात्र बटाट्यापासूनच लावतो. लावणीसाठी ठेवलेल्या कंदाला बेणे म्हणतात. बेणे म्हणजे खरे तर जुन्या झाडाचाच तुकडा. त्यामुळे जुन्या झाडात विषाणू असेल तर तो कंदातून नव्या झाडात जातो. बहुतेक वनस्पतींचे विषाणू खऱ्या बियांत शिरत नाहीत, म्हणून दाण्यापासून वाढणाऱ्या पिकाला दरवर्षी नवी सुरुवात मिळते. बटाट्याला ती मिळत नाही. पहिल्या वर्षी शंभरातली चार झाडे आजारी असतील तर त्यांचे कंद बेण्यात जातात, शिवाय हंगामात आजूबाजूची आणखी झाडे आजारी पडतात. दोन-तीन वर्षांत सारे बेणे उतरते. शेतकरी म्हणतो, जमिनीत दम राहिला नाही. जमीन तीच असते. बिघडलेले असते ते बेणे.

बटाट्यावर सुमारे 40 विषाणूंची नोंद झालेली आहे. ते सगळे आपल्याला नकोत. उत्तर भारतातल्या शेतात महत्त्वाचे ठरणारे चार पाहू.

पहिला एक्स. हा स्पर्शाने पसरतो. आजारी झाडाला लागलेला कोयता, कपडे, ट्रॅक्टरचे चाक निरोगी झाडाला घासले की पुरे. पुष्कळदा याची लक्षणे दिसतच नाहीत.

दुसरा वाय. हा मावा नावाच्या किडीमुळे पसरतो. मिठाईतला मावा नव्हे बरे का! आपल्याकडे शेतकरी ज्याला माहू म्हणतात, तीच ही कीड. मावा आजारी पानाला सोंड लावून काही सेकंदांत वाय उचलतो आणि पुढच्या पानाला सोंड टोचली की काही सेकंदांत तो तेथे सोडतो.

तिसरा पर्णगुच्छ, म्हणजे पाने वर वळून नळीसारखी होणारा लीफरोल विषाणू. हाही माव्यानेच पसरतो, पण रीत वेगळी. माव्याला काही तास रस शोषावा लागतो, विषाणू त्याच्या अंगात फिरून लाळेत यायला आणखी वेळ लागतो, आणि मग तो मावा जन्मभर रोग पसरवत राहतो.

चौथा शेंडा आकसवणारा विषाणू. हा पांढऱ्या माशीने पसरतो. लवकर, ऊन असताना लावलेल्या पिकाला याचा धोका अधिक.

आता विचार करा. कीटकनाशक फवारले तर लीफरोल बराच आटोक्यात येतो, कारण माव्याला जे काही तास लागतात तेवढ्यात तो मरतो. वायच्या बाबतीत त्या फवाऱ्याचा फारसा उपयोग नाही. औषधाने मावा मरण्याआधीच त्याने सोंड टोचलेली असते. एक्सला तर कीटकनाशकाशी काही देणेघेणेच नाही, तेथे अवजारे धुणे कामाचे. म्हणजे पान सारखेच सुरकुतलेले दिसले तरी उपाय वेगवेगळे. आमच्या पालकांनी दोन फवाऱ्यांवर आणि माझ्या सल्ल्यावर जो पैसा घातला, तो नाव चुकल्यामुळे गेला.

एका पानात दोघे

पानांत एक्स आणि वाय दोन्ही निघाले, यात नवल नाही. हे दोघे ओळखले गेले तेच मुळी एकत्र. 1931 मध्ये केंब्रिज येथे केनेथ स्मिथ हे शास्त्रज्ञ बटाट्याच्या मोझेक रोगावर काम करत होते. मोझेक म्हणजे पानावर फिकट-गडद चट्टे पडणे. त्यांनी आजारी बटाट्याचा रस सुईने तंबाखूच्या पानात टोचला तेव्हा एका प्रकारची लक्षणे दिसली. त्याच आजारी झाडावर मावा बसवून तो तंबाखूवर सोडला तेव्हा निराळी लक्षणे दिसली. मावा जे नेत होता ते एक होते, आणि सुईने जे ठळकपणे दिसत होते ते दुसरे. सुईने जाणाऱ्याला त्यांनी एक्स म्हटले, माव्याने जाणाऱ्याला वाय. दोघे वेगळे असताना झाडाला होणारा त्रास बेताचा असतो. दोघे एका झाडात आले की पाने आकसतात, सुरकुततात आणि पीक फार घटते. आमच्या पालकांच्या शेतात हेच घडले होते.

पुढे या दोघांना वेगळे करायला आपल्या ओळखीची एक वनस्पती उपयोगी पडली, धोतरा. महाशिवरात्रीला ज्याची फळे आपण वाहतो तोच. धोतऱ्याला एक्स होतो, वाय होत नाही. मिश्र रस धोतऱ्यावर लावला की त्यातून फक्त एक्स पुढे जातो, जणू गाळणीच. अशा वनस्पतींना सूचक वनस्पती म्हणतात. बटाटा जे लपवतो ते त्या दाखवतात.

लपवतो हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. इंग्लंडमध्ये किंग एडवर्ड नावाचा बटाट्याचा फार लोकप्रिय वाण आहे. तो 1902 मध्ये बाजारात आला. झाडे हिरवीगार, कोणताही दोष नाही. 1930 मध्ये सॅलमन आणि ल पेली यांनी दाखवले की किंग एडवर्डच्या फांदीचे कलम ॲरन व्हिक्टरी या दुसऱ्या वाणावर केले, तर ॲरन व्हिक्टरी जबर आजारी पडतो. किंग एडवर्डच्या साऱ्या साठ्यात एक विषाणू मुक्कामाला होता आणि कोणालाही दिसत नव्हता. आजारी दिसणारे झाड एका वेळी एकाच कारणाने आजारी असते, हा जसा गैरसमज आहे, तसाच निरोगी दिसणारे झाड निरोगीच असते, हाही गैरसमज आहे.

स्ट्रेन म्हणजे काय?

आता लेखाचा मुख्य भाग. विषाणूचे नाव कळले, वाय. पण कोणता वाय?

मोठ्या मुलांना कोरोनाचा काळ आठवत असेल. 2021 मध्ये डेल्टा आला, त्याच वर्षाच्या अखेरीस ओमिक्रॉन आला. विषाणू तोच कोरोना, पण त्याचे वागणे वेगळे. अशा भेदाला बोलीत आपण स्ट्रेन म्हणू लागलो. आमच्या हिंदी पुस्तकात याला प्रभेद असा शब्द होता. एकाच आडनावाची, पण वेगळ्या स्वभावाची भावंडे म्हणा ना.

वायचे रूप असे आहे. तो एक लवचिक दोरा असतो, सुमारे 730 नॅनोमीटर लांबीचा. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे 1,370 दोरे एकापुढे एक मावतील. या दोऱ्यात आतमध्ये आरएनए आणि बाहेर प्रथिनाचे आवरण असते. आरएनए हा सुमारे 9,700 अक्षरांचा मजकूर समजा. झाडाच्या पेशीत हा मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला जातो. उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, काही टिकतात, आणि त्यांतून स्ट्रेन तयार होतात.

वायचा जुना, सर्वसाधारण स्ट्रेन म्हणजे ओ. याने बटाट्याची पाने स्पष्टपणे चट्टेदार होतात, म्हणून शेतात तो डोळ्यांना सापडतो. दुसरा स्ट्रेन सी, याने काही वाणांच्या पानांवर काळपट रेघा आणि ठिपके पडतात. तिसरा एन. हा बटाट्यावर पुष्कळदा अगदी सौम्य असतो, पण तंबाखूवर गेला की पानांच्या शिरा काळ्या पडून मरतात. म्हणून तंबाखू ही कसोटी झाली. रस तंबाखूच्या रोपाला लावायचा आणि वाट पाहायची. पाने फक्त चट्टेदार झाली तर ओ किंवा सी, शिरा मेल्या तर एन.

या एका अक्षरामुळे केवढे नुकसान होऊ शकते याचे उदाहरण कॅनडात घडले. 1990-91 मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांतातल्या बेण्याच्या बटाट्यात वायचा एन स्ट्रेन सापडला. बटाट्याच्या झाडांना त्याचा विशेष त्रास दिसत नव्हता. पण अमेरिकेत तंबाखूचे मोठे पीक होते, आणि तंबाखूला एन घातक. अमेरिकेने तेथून येणाऱ्या बटाट्यावर बंधने घातली. त्या लहानशा बेटाचा बराचसा व्यवहार बटाट्यावर चालतो. बटाटा मोठ्या प्रमाणावर नष्ट करावा लागला. वाय आहे एवढे कळून तेथे भागले नसते, कोणता वाय यावर सीमा उघडी राहणार की बंद होणार हे ठरले.

प्रतिपिंडांची साक्ष

तंबाखूची कसोटी चांगली, पण तिला आठवडे लागतात, हरितगृह लागते, आणि हजारो कंद तपासायचे तर तेवढी रोपे कुठून आणणार? 1977 मध्ये क्लार्क आणि ॲडम्स यांनी वनस्पतींच्या विषाणूंसाठी एलायझा ही चाचणी दिली आणि काम सोपे झाले. प्लॅस्टिकच्या एका पट्टीत 96 लहान वाट्या असतात. वाटीच्या तळाला विषाणूला पकडणारी प्रतिपिंडे चिकटवतात. वर पानाचा रस घालतात. रसात तो विषाणू असेल तर तो पकडला जातो, बाकीचे धुऊन काढतात. मग विकर जोडलेली प्रतिपिंडे घालतात आणि शेवटी एक रसायन. विषाणू असेल तर वाटीतले पाणी पिवळे होते. प्रतिपिंडे विषाणूच्या आवरणाला ओळखतात. ओचे आवरण आणि एनचे आवरण यांत थोडा फरक आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगवेगळी प्रतिपिंडे तयार झाली. शेतातच पानाचा रस लावून काही मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या पट्ट्याही आता मिळतात. कोरोनाची घरी करायची चाचणी तुम्ही पाहिली असेल, तसेच हे.

असे वाटले की प्रश्न सुटला. पण विषाणूने येथेही फसवले.

1980 च्या दशकात पोलंडमध्ये विल्गा नावाच्या बटाट्याच्या वाणावर वायचा एक नवा प्रकार मिळाला. प्रतिपिंडे म्हणत होती, हा ओ. तंबाखूवर लावला तर शिरा काळ्या पडत होत्या, म्हणजे एन. दोन साक्षीदार, दोन साक्षी, आणि दोघेही खरे बोलत होते! याला एन-विल्गा म्हणतात.

हे कसे झाले असेल? कल्पना करा की एक विद्यार्थी दोन मित्रांच्या वह्या समोर ठेवून धडा उतरवतो आहे. अर्धे पान एका वहीतून लिहिले, मध्येच नजर दुसऱ्या वहीवर गेली आणि पुढचे त्यातून उतरले. तयार झालेला धडा दोघांचाही आहे आणि एकाचाही नाही. एका झाडात ओ आणि एन दोघेही असले की विषाणूचा मजकूर उतरवणारे विकर अशीच उडी मारते. एन-विल्गामध्ये तंबाखूच्या शिरा मारणारा भाग एनचा आहे आणि आवरण तयार करणारा भाग ओचा. प्रतिपिंडे आवरण पाहतात, तंबाखू आतला गुण दाखवतो.

अशीच सरमिसळ एनटीएन नावाच्या स्ट्रेनमध्ये आहे. 1980 च्या सुमारास हंगेरीत हा प्रथम लक्षात आला. याने काही वाणांच्या कंदांवर तपकिरी कडी उमटतात. काढणीच्या वेळी बटाटा बरा दिसतो आणि साठवणीत डाग उमटतात. त्यामुळे माल विकण्याजोगा राहत नाही.

चार स्ट्रेन एकत्र मांडून पाहू. हे वहीत उतरवून घ्या.

ओ : तंबाखूवर फक्त चट्टे. प्रतिपिंडांची साक्ष ओ.
एन : तंबाखूच्या शिरा मरतात. प्रतिपिंडांची साक्ष एन.
एन-विल्गा : तंबाखूच्या शिरा मरतात. प्रतिपिंडांची साक्ष ओ.
एनटीएन : तंबाखूच्या शिरा मरतात. प्रतिपिंडांची साक्ष बहुधा एन. काही वाणांच्या कंदांवर तपकिरी कडी.

नीट पाहा. फक्त प्रतिपिंडे वापरली तर ओ आणि एन-विल्गा एकच वाटतात. फक्त तंबाखू वापरला तर खालचे तिन्ही एकच वाटतात. दोन्ही वापरूनही एन आणि एनटीएन वेगळे होत नाहीत.

मजकूर वाचणे

म्हणून शेवटी विषाणूचा मजकूरच वाचावा लागतो. आरटी-पीसीआर हे नाव 2020 नंतर घराघरांत पोहोचले, तीच पद्धत येथे वापरतात. आरएनएवरून आधी डीएनए तयार करतात आणि मग त्याच्या प्रती दुप्पट, दुप्पट करत वाढवतात. गणिताच्या मुलांनी करून पाहावे, एकाचे 30 वेळा दुप्पट केले की 107 कोटींहून अधिक होतात. त्यामुळे कंदात विषाणू अगदी थोडा असला तरी सापडतो. जेथे ओचा मजकूर संपून एनचा सुरू होतो, त्या जोडाच्या जागा शोधल्या की ओ, एन, एन-विल्गा, एनटीएन हे एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. अधिक खात्री हवी असेल तर सगळी 9,700 अक्षरे वाचतात.

मग जुन्या कसोट्या टाकून द्यायच्या का? नाही. मजकूर वाचून विषाणू कोणाचा वंशज आहे ते कळते. तो एखाद्या वाणावर प्रत्यक्षात काय करील हे मात्र झाडावर लावूनच पाहावे लागते. बटाट्याच्या काही वाणांत असे जनुक असते की ओ आला तर त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात आणि रोग पुढे सरकत नाही, पण दुसरा स्ट्रेन त्याच वाणात सहज शिरतो. नवे वाण तयार करणाऱ्यांना हे कळणे फार गरजेचे असते. गेल्या काही दशकांत युरोप आणि उत्तर अमेरिकेत जुन्या ओची जागा या सरमिसळ झालेल्या स्ट्रेननी घेतली आहे. पाने फारशी खराब होत नाहीत, म्हणून शेत तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतात, हे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ मानतात.

आपल्या देशातले काम

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्याला स्थापन झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी बहार ही नावे मंडईत ऐकली असतील. सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून ती पडली. या संस्थेचे एक केंद्र आपल्या ग्वाल्हेरातही आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

पूर्वी चांगले बेणे पहाडातून आणावे लागे, कारण थंड हवेत मावा कमी. डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की आपल्या मैदानी भागातही ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फार कमी असतो. त्यावरून बेण्याच्या शेताची एक पद्धत बसवली गेली. निरोगी बेणे ऑक्टोबरात लावायचे, आजारी झाडे कंदांसकट उपटून दूर न्यायची, आणि मावा वाढायच्या आत, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, वरचा पाला कापून टाकायचा. शंभर पानांवर 20 मावे ही धोक्याची खूण मानतात. पाला कापल्यावर कंद पंधरा-वीस दिवस जमिनीतच ठेवतात, साल घट्ट होते, मग काढून शीतगृहात पाठवतात. या साध्या पद्धतीने पहाडावरचे अवलंबित्व संपले.

विषाणू लागलेला वाण पुन्हा शुद्ध करता येतो का? येतो. झाडाच्या शेंड्याचे अगदी टोक पुष्कळदा विषाणूमुक्त असते. ते काढून काचेच्या नळीत वाढवतात. 1957 मध्ये कासानिस यांनी याच रीतीने किंग एडवर्डला त्याच्या लपलेल्या विषाणूपासून मोकळे केले. आज आपल्याकडेही बेण्याची सुरुवात अशा रोपांपासून होते, आणि प्रत्येक टप्प्यावर वर सांगितलेल्या चाचण्या करतात. चाचणीत एक आजारी रोप सुटले तर पुढे त्याची हजारो होतात.

पुढे काय झाले?

त्या पालकांना मी तपासणीचे उत्तर समजावून सांगितले आणि माझी चूकही कबूल केली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे बटाटे खाल्ले तर चालतील ना?" चालतील. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. दुसरा प्रश्न मला सुचला नव्हता. ते म्हणाले, "मग बेणं ठेवायचं नाही तर. मी भावालाही दोन पोती देणार होतो." दोन पोती बेण्याबरोबर रोग भावाच्या शेतात गेला असता, आणि भावाने पुढे आणखी कोणाला दिले असते.

कोणता वाय आहे, हेही मी विचारले होते. तपासणाऱ्यांनी सांगितले की त्यासाठी पुढच्या चाचण्या लागतील, आणि शेतकऱ्याला आज जे करायचे ते त्याने बदलणार नाही. बरोबरच आहे. बेणे तयार करणाऱ्याला स्ट्रेन कळला पाहिजे, शेतकऱ्याला निदान विषाणू कळला पाहिजे, आणि माझ्यासारखीला आपल्याला काय कळत नाही हे कळले पाहिजे.

त्यांनी सारा माल खाण्यासाठी विकला, अवजारे धुऊन घेतली, आणि या ऑक्टोबरात प्रमाणित बेणे विकत आणून लावले. त्यासाठी हाती असलेला पैसा गेला, म्हणून मुलीची फी दोन हप्त्यांत घेण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली. याबद्दल मंडळाचे आभार. आता त्यांच्या शेतात पाने सपाट आणि एकसारखी हिरवी आहेत. तरी यंदा ती तपासून घ्यायची, नुसती पाहून समाधान मानायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

करून पाहा

1. डिसेंबरात आठवी-नववीची मुले त्या शेतावर माव्याची मोजणी करतील. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने, 33 झाडांवर पाहायची. पानाची खालची बाजू पाहायला विसरू नका. भिंग प्रयोगशाळेतून मिळेल. दर आठवड्याचा आकडा फलकावर लिहू. बटाट्यावर न राहणारा, नुसता वाट चुकून बसलेला मावाही वाय पसरवू शकतो, म्हणून दिसेल तो मोजायचा.

2. लीफरोल झालेल्या पानातून पिष्ट बाहेर जाऊ शकत नाही, ते पानातच साठते आणि पान कडक होते. पहाटे तोडलेले चांगले पान आणि वळलेले पान यांची आयोडीन चाचणी शिक्षकांसमोर करा. स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर तापवू नका. वळलेले पान अधिक निळे-काळे झाले तर संशय घ्या, निदान करू नका. पाने इतर कारणांनीही वळतात.

स्वाध्याय

1. एका पानाची साक्ष प्रतिपिंडांप्रमाणे ओ आणि तंबाखूप्रमाणे एन आली. विषाणू कोणता? दोन्ही चाचण्या बरोबर कशा?
2. लीफरोलवर कीटकनाशकाचा उपयोग होतो, वायवर फारसा होत नाही. कारण लिहा.
3. धोतऱ्याच्या साहाय्याने एक्स वेगळा कसा करता येईल?
4. घरी आजी-आजोबांना विचारा, पूर्वी बटाट्याचे बेणे कुठून येत असे? उत्तर पुढच्या अंकासाठी पाठवा.

उत्तरपत्रिका तपासताना आम्ही शिक्षकही कधी पहिल्या पानावरूनच अंदाज बांधतो. यंदा मी शेवटचे पान वाचल्याशिवाय गुण मांडणार नाही, असे ठरवले आहे.

आपली,
प्राचार्या